माल्कम पेठेची खातेवही

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस माझ्या मुलीचा त्रिनिदादहून फोन आला. ती असते न्यू जर्सीत. जोडून सुट्या मिळाल्या म्हणून नवरा आणि दोन मुलांना घेऊन ती आठवडाभर त्या कॅरिबियन बेटावर गेली होती. ३० मे हा तिथला सार्वजनिक सुटीचा दिवस. १८४५ साली त्याच तारखेला ‘फातेल रझाक’ नावाचं जहाज हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्याला लागलं होतं. त्याची मिरवणूक पाहून ती हॉटेलवर परतली होती आणि अगदी भारावून बोलत होती.

“बाबा, सकाळी रस्त्यावर डबल्स खाल्लं. दोन मऊ बारे आणि मध्ये चण्याची उसळ. विकणारी बाई आफ्रिकन वंशाची आणि शब्द ‘चन्ना’! पलीकडे चिनी माणसाचं दुकान. तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून केलेली वाद्यं. मोहरमच्या ताबुतांना इथे ‘होसे’ म्हणतात आणि त्यात म्हणे सगळेच सामील होतात. कोण कुठला, काही कळतच नाही. आपल्याकडे नाही असं काही बघायला मिळत.”

मी म्हटलं, “तू ज्या गावात चालायला शिकलीस ते गाव आठवतं का?”

“महाबळेश्वर? तिथे काय आहे बाबा? पॉइंट आणि स्ट्रॉबेरी.”

आंतरराष्ट्रीय फोनवर वाद घालू नये, हा आमच्या पिढीचा नियम. कॉल आता फुकट झाले तरी सवय जात नाही. मी विषय बदलला. पण तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. चारेक आठवड्यांपूर्वीच मी महाबळेश्वरला जाऊन आलो होतो. २ ते ४ मे या दिवसांत राज्य सरकारनं तिथे ‘महापर्यटन उत्सव’ भरवला होता. त्या गर्दीत अडकून मी जे पाहिलं, ते आणि अडतीस वर्षांपूर्वीचं महाबळेश्वर यांचा हिशेब मनात चालूच होता. मुलीच्या फोननं त्याला बाकी काढायची रेघ मिळाली.

१९८७ च्या जूनमध्ये बँकेनं माझी बदली महाबळेश्वर तालुक्यातल्या एका शाखेत केली. जूनमध्ये तिथे जाणं म्हणजे काय, हे ज्यानं तो पाऊस पाहिलाय त्यालाच कळेल. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गाव गवताच्या झडींमागे दडलेलं. पाऊस आत शिरू नये म्हणून घराच्या भिंतींना बाहेरून वाळल्या गवताचे जाड पडदे बांधायचे, ही तिथली जुनी रीत. गंमत अशी की, साहेबाच्या काळातला दगडी बंगला असो की धनगराची झोपडी, पावसाळ्यात दोघांचा वेश सारखाच. बंगला बांधला इंग्रजानं, विकत घेतला पारशानं, भाड्यानं दिला गुजराती कुटुंबाला आणि झड बांधली ती मात्र डोंगरातल्या कुळवाड्यानं. माझ्या दृष्टीनं मिश्र संस्कृतीची ही पहिली पाटी होती.

दुसरी पाटी शाखेतल्या लोखंडी कपाटात होती. नमुना सह्यांची कार्डं. पहिले काही दिवस गिऱ्हाईक नसे, म्हणून मी ती कार्डं चाळत बसे. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू अशा चार लिप्यांतल्या सह्या, आणि मधूनमधून डाव्या हाताचे अंगठे. बाजारातले एक बोहरी दुकानदार रोज भरणा करायला येत. हमालाशी ते ठसठशीत मराठी बोलत, माझ्याशी अदबीच्या हिंदीत, आणि नोटा मोजताना ओठ हलत ते गुजरातीत. एक वयस्कर पारशी बाई मुदत ठेवीचं व्याज न्यायला येत. त्यांचा माळी छत्री धरून दारात उभा राही, आणि बाई त्याला ज्या मराठीत रागवत ती थेट जावळीची होती, पुण्याची तिथे मात्राही चालली नसती. माळ्याच्या तोंडी ‘पोर्च’, ‘कटिंग’, ‘बेड’ हे शब्द असे रुळलेले की, त्याला ते इंग्रजी आहेत हे सांगून पटलं नसतं. आठवड्याच्या बाजारात गाजर, लाल मुळा, फरसबी. फरसबी हा शब्द फ्रेंच बीनचा आहे हे मलाही तिथेच उमगलं.

माझी मुलगी त्या बाजारात चालायला शिकली. बेकरीतला पाव एका हातात आणि भाजलेल्या मसाल्याच्या चण्यांची पुडी दुसऱ्या हातात. त्रिनिदादला जाऊन तिनं बाऱ्यात घातलेला चणा खाल्ला आणि तिला तो परका वाटला!

हे गाव मिसळलं कसं? प्रवाशांसाठी छापलेल्या पुस्तिका सांगतात की, जनरल लॉडविक १८२४ मध्ये वर आला, सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नरानं १८२८ मध्ये इथे आरोग्यधाम काढायचं ठरवलं, आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा कंपनीला दिली. म्हणून ती माल्कम पेठ. हे सारं खरंच आहे. पण पुस्तिका इथून थेट पॉइंटांच्या नावांवर उडी मारतात. नावं ठेवली ती साहेबांनी. त्याआधीची नावं होतीच. विल्सन पॉइंट म्हणजे सिंदोळा, केट्स पॉइंट म्हणजे नाकेखिंड, आर्थर सीट म्हणजे मढीमहाल. पाच-सहा किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर शतकानुशतकं आपल्या जागी होतंच. तिथे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांची उगमस्थानं मानून यात्रेकरू येत होते. वेण्णा तलाव तर १८४२ मध्ये साताऱ्याच्या महाराजांनी, प्रतापसिंहांचे बंधू अप्पासाहेबांनी, बांधवून घेतला.

पुस्तिका ज्यांच्याबद्दल गप्प बसतात ते लोक निराळे आहेत. १८३० च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षं माल्कम पेठेत एक तुरुंग होता, आणि त्यात चिनी आणि मलायी कैदी होते. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या इंग्रजी वसाहतींत शिक्षा झालेली ही माणसं काळ्या पाण्याची शिक्षा भोगायला सह्याद्रीच्या माथ्यावर आणली गेली. आपले कैदी त्यांच्याकडे आणि त्यांचे आपल्याकडे! साहेबाचा हिशेब पक्का असे. या कैद्यांकडून रस्त्यांची कामं करून घेतली, आणि त्यांनी बागा केल्या. बटाटा आणि विलायती भाज्या त्यांनी या लाल मातीत अशा जोमानं पिकवल्या की, गावाच्या ताटात त्या कायमच्या आल्या. वेताचं विणकामही त्यांच्या हातात होतं. आज त्यांची खूण एवढीच की, एका धबधब्याला ‘चायनामन फॉल्स’ म्हणतात. तिथे फोटो काढून घेणाऱ्या हजारोंपैकी एकालाही तो चायनामन बेड्या घालून आला होता, याचा पत्ता नसतो. तिथे होतो तोवर मलाही नव्हता. बदली झाल्यावर पुण्याच्या ग्रंथालयात सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर चाळताना तो लागला.

आता त्रिनिदादकडे पाहा. तिथलं ते चविष्ट मिश्रण सुटीवर आलेल्यांनी केलेलं नाही. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणले, गुलामी संपल्यावर हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. १८४५ ते १९१७ या काळात एक लाख चाळीस हजारांहून जास्त. परतीचं तिकीट करारात असूनही बहुतेक तिथेच राहिले. माझ्या मुलीला ज्याचं कौतुक वाटलं ते डबल्स म्हणजे मजुराची न्याहारी. महाबळेश्वरातली गोष्ट आकारानं फार लहान, पण जात तीच. ज्याला निघून जाता येत नाही किंवा ज्याचं पोट इथेच भरायचं असतं, तोच शेजाऱ्याची भाषा शिकतो आणि शेजाऱ्याची भाजी लावतो. हवा खायला आलेला साहेब पंचवीस वर्षं उन्हाळ्याला आला तरी साहेबच राहिला. त्याचा खानसामा मात्र बदलला.

या देवघेवीत सगळ्यांचंच भलं झालं असंही नाही. या डोंगरात धावड नावाचे मुसलमान कारागीर कोळशाच्या भट्ट्यांवर लोखंड गाळत. बोलत मराठी. जंगल राखायचं ठरलं, कोळसा बंद झाला, बाहेरून स्वस्त लोखंड आलं आणि भट्ट्या विझल्या. थंड हवेच्या ठिकाणाला हिरवी झाडी हवी असते, आणि त्या झाडीची किंमत कुणीतरी मोजतो. हे मी १८५० च्या आसपासचं सांगतोय. पण वाचकांना ते आजचं वाटलं तर माझी हरकत नाही.

मिसळण्याचं सर्वांत गोड उदाहरण अर्थातच स्ट्रॉबेरी. आपण तिला विलायती फळ म्हणतो, पण विलायतेतही ती परकीच होती. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी अभियंता १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळाची रोपं घेऊन आला. युरोपातल्या बागांत उत्तर अमेरिकेतली दुसरी जात आधीच होती. दोघींचा संकर झाला आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली. हिच्या जन्मदाखल्यावर दोन खंडांची नावं आहेत. इंग्रजांच्या बागांतून ती महाबळेश्वरात उतरली. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या नव्या जाती आल्या आणि ती बागेतून शेतात गेली. आज देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी ऐंशी टक्क्यांच्या वर महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात पिकते असं मानतात. २०१० मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. चिली, व्हर्जिनिया, फ्रान्स, कॅलिफोर्निया अशी फिरून आलेली पोर शेवटी ‘महाबळेश्वरची’ ठरली, तेही सरकारी शिक्क्यानिशी.

पण या शिक्क्यात माझा वाटा शून्य आहे, उलट वजाच धरावा लागेल. ही गोष्ट मी कादंबरीतही लिहिलेली नाही.

१९८९ च्या पावसाळ्यात भिलारकडचे एक शेतकरी शाखेत आले. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणे. दीड एकर जमीन, एक म्हैस, मोठा मुलगा मुंबईत माथाडी. आबांना वीस गुंठ्यांवर स्ट्रॉबेरी लावायची होती. रोपं, खत, पाण्याचा पाइप, फळ भरायला पेट्या, सगळा खर्च त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून आणला होता. हिशेब चोख होता. पीककर्जासाठी पिकाला एकरी किती द्यायचं, याचा जिल्ह्याचा ठरलेला दर असतो. माझ्याकडच्या तक्त्यात भात होता, नाचणी होती, बटाटा होता. स्ट्रॉबेरीची ओळ सापडली नाही. वरिष्ठ कार्यालयाला मी टिपण लिहिलं: “फळ दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. ग्राहक मुख्यतः पर्यटक. परतफेडीची शाश्वती कमी. शिफारस नाही.” टिपणातला प्रत्येक शब्द नियमाला धरून होता. त्याच महिन्यात मुंबईच्या एका पार्टीच्या लॉजला चौदा खोल्या वाढवण्यासाठी मी कर्जाची शिफारस केली. त्यांचाही ग्राहक पर्यटकच होता! पण खोली टिकते आणि तारण घेता येते, एवढाच फरक.

आबांनी ओरडा केला नाही. “सायेब, फळ टिकत न्हाई हे खरं हाय. पर मानूस टिकला तर फळ दर साली येतंया,” एवढं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली. पुढे जॅम करणाऱ्या एका कारखानदारानं त्यांना आगाऊ रक्कम दिली आणि माल त्यालाच घालायच्या बोलीवर लागवड झाली. १९९१ मध्ये माझी बदली झाली, त्या दिवशी ते पाटीभर स्ट्रॉबेरी घेऊन आले. मुलीनं फ्रॉक लाल करून घेतला. तो डाग धुण्यानं गेला नाही, असं माझी पत्नी बरीच वर्षं सांगे.

मेमधल्या त्या उत्सवाच्या दिवसांत पसरणी घाटात आमची गाडी दोन तास मुंगीच्या पावलानं चढत होती. वर पोचल्यावर डॉ. साबणे रोडवर चालायला जागा नव्हती. माणसं येऊ नयेत असं मी म्हणणार नाही. मीही पाहुणाच होतो, आणि गावाचं पोट पाहुण्यांवर आहे. पण आता पाहुण्याचा मुक्काम दीड दिवसाचा. पूर्वी गुजराती आणि पारशी कुटुंबं एप्रिलात आली की, पाऊस पडेपर्यंत उतरलेली असत. वाण्याकडे त्यांची उधारीची वही असे, घोडेवाला पोरांना नावानं ओळखे. उधारीला जसा मुक्काम लागतो तसा मिसळण्यालाही. आताचा पाहुणा रिसॉर्टच्या फाटकातून आत जातो, पनीरपासून पास्त्यापर्यंत सारं तिथेच खातो, चार पॉइंटांवर फोटो काढतो आणि रविवारी दुपारी घाट उतरतो. वाढणारा मुलगा झारखंडचा, रखवालदार नेपाळचा. त्यांची मुलं उद्या इथे मराठी बोलतील, कदाचित ‘चायनामन’सारखी तीही आपलं काही इथल्या ताटात ठेवून जातील. पण त्यासाठी त्यांना इथे राहायला खोली परवडली पाहिजे. बाजारातल्या ज्या माडीवर आम्ही भाड्यानं राहत होतो तिथे आज पर्यटकांसाठी सहा खोल्या आहेत. हंगामातलं एका रात्रीचं भाडं ऐकून मी जिन्यातूनच परतलो.

इथे प्रश्न धोरणाचा येतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केला, आणि बांधकामावर निर्बंध आले. ते किती पाळले गेले हे डोळ्यांना दिसतंच. गर्दीवर उपाय म्हणून आता ‘नवीन महाबळेश्वर’ आखलं जात आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाकडे त्याचं नियोजन दिलेलं आहे. २०२४ मध्ये आराखडा प्रसिद्ध झाला त्यात सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं होती. पलीकडे कोयनेचं अभयारण्य, अलीकडे २०१२ पासून जागतिक वारशात असलेलं कास पठार. २०२५ मध्ये प्रतापगड जागतिक वारसा यादीत गेला, पाचगणी-महाबळेश्वरचे लाव्हाचे थर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. म्हणजे दगडाची, फुलाची आणि गडाची नोंद झाली. छानच झालं. आराखड्याबद्दल आतापर्यंत जे छापून आलं, त्यात रस्ते आणि पर्यटनाची केंद्रं आहेत. माझ्यातला बँक अधिकारी त्यात एकच ओळ शोधतो: या २३५ गावांतला माणूस जमिनीचा मालक म्हणून राहणार आहे, की वेटर म्हणून?

हा माणूस जातो कुठे तेही सांगतो. जावळी-महाबळेश्वरच्या खोऱ्यातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुंबईच्या गोद्यांत ओझी उचलायला गेले. १९६९ मध्ये माथाडींसाठी कायदा झाला त्यामागे त्यांचे खांदे होते. कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांनी आणखी माणसं खाली लोटली. राज्याचं मुख्यमंत्रिपद भूषवलेले एकनाथ शिंदेही याच तालुक्यातल्या दरे गावचे, त्यांचं कर्तृत्व घडलं ठाण्यात. मुंबईचा दमलेला माणूस विसाव्याला वर येतो आणि वरचा माणूस दमायला मुंबईला जातो. दोघांच्या एसट्या घाटात एकमेकींना ओलांडतात.

नवं काही करूच नये, असा माझा सूर नाही. २०१७ मध्ये भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराच्या ओसरीवर पुस्तकांची कपाटं आली, आणि वाचायला बसलेल्या पाहुण्याला घरातलीच बाई चहा देते. २०२२ मध्ये मांघर ‘मधाचं गाव’ झालं. तिथे मधाच्या पेट्या गावकऱ्यांच्याच आहेत. दोन्ही ठिकाणी पाहुणा घरात येतो, घर त्याला विकलं जात नाही. चौदा खोल्यांना कर्ज देणाऱ्या माणसाला हे शहाणपण उशिरा सुचलं हे मान्य.

आबा आता नाहीत. उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. माथाडी मुलगा १९९५ मध्येच परत आला होता. स्ट्रॉबेरीनं त्याला परत आणलं, माझ्या टिपणानं नव्हे. त्याचा मुलगा कृषी पदविका घेऊन आता शेती पाहतो. हंगाम संपत आला होता. गादीवाफ्यांवर शेवटची बारकी फळं होती, मल्चिंगचा कागद फाटला होता. परदेशी मातृरोपांची मागणी नोंदवून झाली होती. मी भावाची चौकशी केली. नातू म्हणाला, “काका, भावाचं सोडा. रस्त्याकडेच्या अर्ध्या एकराला पुण्याची पार्टी काय देते माहितीये?” त्यानं आकडा सांगितला. मी सवयीनं मनातल्या मनात त्यावरचं मासिक व्याज काढलं. स्ट्रॉबेरीच्या उत्पन्नापेक्षा ते जास्त होतं. त्याचा बाप शेजारी बसून गवताच्या पेंढ्या सारख्या करत होता. गावात बहुतेकांनी झडींऐवजी प्लास्टिकचा कागद लावायला सुरुवात केली आहे, यांच्या घराला अजून गवत लागतं.

“मग काय ठरवलंय?” मी विचारलं.

“तुम्ही बँकेत होता. तुम्ही सांगा,” नातू म्हणाला.

मी उत्तर दिलं नाही. चहा आला, बरोबर घरचा जॅम आणि बेकरीचा पाव. निघताना बापानं एक छोटी पेटी गाडीत ठेवली आणि मुलीची चौकशी केली. मी म्हटलं, डिसेंबरात येईल, तिच्या पोरांना घेऊन, आणि या वेळी चांगली आठ दिवस राहील. “इथंच उतरा म्हणावं,” तो म्हणाला, “खोली रिकामीच हाय.”

फोनवर मुलीला हे सांगायचं राहून गेलं. आता लिहून कळवणार आहे.